बिनविरोध

३ जून, मंगळवार

राज्य ग्रंथालय संघाच्या मुंबईच्या कार्यालयाचं पत्र आलं. सप्टेंबरात व्हिएतनाममधल्या हनोईला ग्रामीण ग्रंथालयांची मोठी परिषद भरते आहे. आशियातल्या बारक्याबारक्या गावांचे ग्रंथपाल तिथं जमणार. नांदेड आणि लातूर मिळून आपल्या ग्रंथालय संघानं एक प्रतिनिधी निवडून कळवायचा आहे. विमानाचा आणि राहण्याचा खर्च यजमानांकडं, आपल्याला फक्त नाव द्यायचं.

फक्त नाव, असं लिहिणाऱ्यानं कधी संघ चालवला नसावा. मी अठरा वर्षं सचिव आहे. या अठरा वर्षांत संघात एकदाही मतदान झालं नाही, सगळ्या निवडी बिनविरोध. लोक मला विचारतात, शेषेराव, हे जमतं कसं? जमतं, कारण मी लोकांच्या घरी जातो, चहा पितो, ऐकून घेतो आणि मग एकानं मागं सरायचं असतं ते समजावून सांगतो. मत पडलं की कुणाची किती ताकद ते उघडं पडतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढच्या मार्चला मी पद सोडणार. ही माझ्या हातची शेवटची मोठी निवड. ती नीट व्हावी एवढीच इच्छा आहे. उमादेवीनं विचारलं, तुम्हीच का जात नाही? मी म्हटलं, वाढप्यानं आधी स्वतःचं ताट भरायचं नसतं. ती म्हणाली, वाढप्याला पंगतीत कुणाला बसवायचं ते तरी ठरवता येतं ना. बायकोला टोमणा मारल्याशिवाय जेवण जात नाही.

७ जून, शनिवार

बकरी ईद. हनीफभाईंकडं जाऊन आलो. तीस वर्षं आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं त्यांनी बांधून दिली, आणि गल्लीत वाचनालय चालवतात म्हणून ते संघाचे सभासदही आहेत. माझ्यासाठी त्यांनी नेहमीप्रमाणे गोड भात वेगळ्या भांड्यात ठेवला होता.

हनोईचं सांगितलं तर त्यांनी लगेच हदगावच्या शिवकन्येचं नाव काढलं. ती तिथल्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल. खुरपायला आलेल्या बायका दुपारी बांधावर भाकरी खायला बसतात, तेव्हा ही तिथं जाऊन त्यांना पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवते. तेच तिनं लिहून काढलं, हनीफभाईंच्या सुनेनं, अलीझानं, त्याचं इंग्रजी केलं आणि ते परिषदेला पाठवूनही दिलं. परिषदेला ते पसंत पडलंय. आता फक्त संघाचं नाव हवं.

मला हे माहीत नव्हतं. सचिवाला आधी सांगायची पद्धत आहे, पण असो.

१० जून, मंगळवार

शिवकन्या स्वतः येऊन नाव देऊन गेली. वय तिशीच्या आतबाहेर, बोलायला तिखट. समोर बसली की आपण काहीतरी चुकलोय असं उगाच वाटायला लागतं. मी म्हटलं, स्पर्धा असेल बरं का. म्हणाली, असू द्या सर, मी तयार हाय.

हुशार पण विक्षिप्त मुलगी. म्हणे पत्र पाठवायचं तर वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवा, आणि फोनही वाचनालयातच करा, दुपारी. घरी कुणाशी यातलं काही बोलू नका. मी कारण विचारलं तर म्हणाली, "निवड झाली, पेपरात फोटो आला, गावात सत्कार झाला, की मग सांगते. एकदा तालुक्यानं हार घातला की आमचे मामंजी न्हाई म्हणत न्हाईत, सर. त्याच्या आधी कळलं तर म्हणतील." लेकीसुनांना घरच्यांना चकित करायची हौस असते. माझी पुतणीही नोकरी लागल्याचं महिनाभर पोटात ठेवून बसली होती.

पासपोर्ट विचारला तर तयार आहे. लग्नाआधी मुदखेडला माहेरच्या पत्त्यावर काढून ठेवलेला. तेव्हा कुठं जायचं होतं कुणास ठाऊक. तो ती वाचनालयाच्या कपाटात, शब्दकोशांच्या मागं ठेवते. घरी उंदीर लई आहेत म्हणाली. हे मला फार आवडलं. उंदरांचा धोका ओळखतो तो खरा ग्रंथपाल.

चहा मागवला होता, पण थांबली नाही. नवरा दुकान बंद करून यायच्या आत घरी पोचायचं होतं तिला. त्यांचं हदगावला बी-बियाण्याचं दुकान आहे आणि जवळच्या गावात बरीच शेती. खाऊनपिऊन सुखी घर आहे.

१२ जून, गुरुवार

सकाळी लातूरहून रामलिंगअप्पांचा फोन. अप्पा आमचे अध्यक्ष. दालमिल आहे, दोन कॉलेजं आहेत, शिकवण्यांचे वर्ग आहेत, आणि संघाची वार्षिक सभा त्यांच्याच सभागृहात होते, जेवणासकट. त्यांनी जावयाचं नाव दिलं. सिद्धराम, अप्पांच्याच कॉलेजात ग्रंथपाल. मुलगा चांगला आहे, इंग्रजी बोलतो. ग्रामीण ग्रंथालयाशी संबंध काय असं मी विचारलं नाही. लातूर म्हटलं तरी शेवटी आजूबाजूला खेडीच आहेत.

अप्पा म्हणाले, "शेषेराव, तुमच्या काळात कधी हात वर करायची वेळ आली न्हाई. शेवटी शेवटी डाग कशाला?" माझ्या मनातलंच बोलले. मग इकडच्यातिकडच्या गप्पांत म्हणाले की निवृत्तीनंतर घरी बसू नका, आमच्या संस्थेत सल्लागार म्हणून या, एक खोली देतो, गाडी पाठवतो. मोठ्या मनाचा माणूस आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे इथं लिहून ठेवतो.

१५ जून, रविवार

हनीफभाई आले होते. दोघांनी बसून सभासदांचा अंदाज घेतला. मत पडलं तर शिवकन्या येते. चुरशीनं नव्हे, सहज येते. नांदेडकडची सगळी खेड्यातली वाचनालयं तिच्या बाजूला, आणि लातूरच्या बाजूचीही बरीच. बांधावरच्या वाचनाचं सगळ्यांना कौतुक आहे.

हनीफभाई म्हणाले, मग पडू द्या की मत. मी त्यांना समजावलं. अप्पांचा जावई मतदानात पडला तर अप्पा लातूर वेगळं काढतील. सभागृह गेलं, जेवण गेलं, संघ गेला. त्यांनी पान जुळवलं आणि म्हणाले, मोडला तर मोडला, तो बी म्हातारा झालाय. ज्याला काही चालवायचं नसतं त्याला असं बोलायला सोपं जातं.

१७ जून, मंगळवार

शिवकन्येला दुपारी वाचनालयात फोन केला. सगळं नीट सांगितलं. संघाची एकी, अप्पांचा मान, पुढच्या वेळी तुझंच नाव असा माझा शब्द. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, पुढची वेळ मला न्हाई मिळत. मत पडू द्या. हरले तर हरले."

पुढची वेळ का मिळत नाही म्हणे? वय काय तिचं? या पिढीला धीर म्हणून नाही. मी थोडा आवाज चढवला. तिनं नाही चढवला. फोन ठेवताना पुन्हा म्हणाली, घरी तेवढं बोलू नका सर. मी हो हो म्हटलं. संघ मोडायची वेळ आली आणि हिचं आपलं फोटोचं कौतुक चाललंय.

२० जून, शुक्रवार

दोन दिवस झोप नीट नाही. अप्पांचा रोज फोन. शेवटी जे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं ते आज सुचलं. आपल्याकडं ग्रामपंचायतीला कुणी उभं राहिलं आणि त्याला माघार घ्यायला लावायची असली तर आपण उमेदवाराशी कधी बोलतो? त्याच्या घरी जातो. नारळ-पेढे घेऊन ओसरीवर बसतो आणि वडीलधाऱ्यांच्या कानावर घालतो. घरचं माणूस सांगतं ते बाहेरच्यानं सांगून होत नाही. आणि यात मानही राहतो. सुनेशी परस्पर बोलत राहणं हेच खरं तर बरं दिसत नाही.

उमादेवीनं विचारलं, तिनं घरी बोलू नका म्हणून सांगितलंय ना? मी म्हटलं, ते निवडीचं. मी निवडीचं सांगायला जात नाही, माघारीचं सांगायला जातोय. ती भांडी घासत राहिली. हनीफभाईंना सोबत चला म्हटलं तर त्यांनी गुडघे दुखतात असं सांगितलं. कालच बाजारात चालताना दिसले होते.

२२ जून, रविवार

अप्पांनी गाडी पाठवली होती. अर्धापूरला केळी घेतली, नांदेडहून पेढे आणले होतेच. हदगावच्या अलीकडं त्यांचं गाव. मोठं घर, पुढं ओसरी, ट्रॅक्टर उभा. शिवकन्येचे सासरे दगडोबा पाटील पांढऱ्या धोतरात, बोलायला गोड. नवरा बालाजी सुट्टी म्हणून घरीच. सासू धुरपताबाई आत-बाहेर करत होत्या. शिवकन्या दिसली नाही, आत होती.

मी आधी तिचं भरपूर कौतुक केलं. रिकाम्या हातानं माघार मागायला गेलो असं होऊ नये. म्हटलं, पाटील, तुमच्या सुनेचं नाव परदेशापर्यंत गेलंय, तिथल्या लोकांनी तिचं लिखाण पसंत केलंय, पासपोर्टसुद्धा तिनं तयार ठेवलाय. दगडोबा म्हणाले, असं? बालाजी म्हणाला, कसला पासपोर्ट? मला हसू आलं. म्हटलं, म्हणजे तुम्हाला खरंच चकित करायचं होतं तिला. शब्दकोशांच्या मागं जपून ठेवलाय म्हणे, इतकी नीटनेटकी पोरगी.

बालाजी काही बोलला नाही. चांगला शांत मुलगा आहे. आत भांडं पडल्याचा आवाज झाला. धुरपताबाई उठून गेल्या.

मग मी मुद्द्यावर आलो. संघाच्या हितासाठी यंदा तिनं मागं सरावं, तिचा मोठेपणा आम्ही विसरणार नाही, सभेत सगळ्यांसमोर सत्कार करू. दगडोबांनी माझा हात हातात घेतला. "सर, तुम्ही सांगायला आलात, लई उपकार झाले. न्हाई तर आम्हाला काय बी पत्ता लागला नसता." इतका समजूतदार माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नाही. मी बोललो जेमतेम चहा थंड होईपर्यंत. ज्याच्यासाठी मी आठवडाभर तळमळलो ते इतकं सोपं होतं.

निघताना शिवकन्येला हाक मारा म्हटलं, दोन शब्द बोलावे म्हणून. दगडोबा म्हणाले, ती कामात हाय. बालाजी माझ्या आधीच मोटारसायकल काढून बाहेर पडला होता. आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा तो हदगावच्या दिशेनं जोरात जाताना दिसला. दुकानाचं काही काम असेल.

२४ जून, मंगळवार

शिवकन्येचा फोन आला. या वेळी बालाजीच्या नंबरवरून. एवढंच म्हणाली, "सर, माझं नाव मागं घ्या." मी म्हटलं, मनापासून ना? शेजारी कुणीतरी खाकरलं. ती म्हणाली, हाव. मी तिला म्हटलं की पुढच्या वेळी तुझंच नाव, हा शेषेरावचा शब्द आहे. तोवर फोन कट झाला होता. आमच्याकडं पावसात रेंज जाते.

लगेच अप्पांना कळवलं. साप मेला आणि काठीही तुटली नाही.

२८ जून, शनिवार

सिद्धरामची निवड बिनविरोध झाल्याचं मुंबईला कळवलं. लातूरच्या पेपरात त्याचा फोटो आला, नांदेडच्यात फक्त बातमी आली. माझं नाव दोन्हीकडं आहे. अठरा वर्षांची परंपरा असा शब्द वापरलाय त्यांनी.

५ जुलै, शनिवार

हदगावहून एका मास्तरांचा फोन. वाचनालय उघडतच नाही म्हणाले. देवघेव बंद, वर्तमानपत्रं दाराच्या फटीतून आत पडून राहिलीत. खुरपणीच्या बायकाही विचारतात म्हणे, वाचणारी बाई कुठं गेली. मी दगडोबांना फोन केला. ते म्हणाले, सूनबाईचा पाय मुरगळलाय, पायरीवरून पडली. पेरणीचे दिवस, अंगण निसरडं असतंच. मी दुखण्यावरचा बाम पाठवून दिला, ओळखीच्या कंडक्टरजवळ.

उमादेवीला सांगितलं तर तिनं विचारलं, कधी पडली? मी म्हटलं, पंधरवडा झाला असेल. तिनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, तुम्ही गेला होतात त्याच आठवड्यात. मी म्हटलं, हो, तेव्हाच पावसाला जोर होता.

१३ जुलै, रविवार

लातूरला वार्षिक सभा. अप्पांच्या सभागृहात डाळीचा वास कायम असतो, पण व्यवस्थेला नाव ठेवायला जागा नाही. आधी सिद्धरामचा सत्कार, मग शिवकन्येचा. ती आली नव्हती, पाय अजून बरा नाही. तिच्या वतीनं दगडोबा आले होते नवा कोट घालून. बालाजीही होता. अप्पांनी दगडोबांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि मोठ्या मनाचं घराणं असा उल्लेख केला. टाळ्या झाल्या.

दगडोबा चार शब्द बोलले. "आमच्या घरात बाईनं पुढं पुढं करायचा रिवाज न्हाई. संघानं वेळेवर कानावर घातलं, घर वाचलं. सूनबाई आता घरीच राहणार, शेतीचं लई काम हाय." पुन्हा टाळ्या. मला त्यातला विनय आवडला, पण घर वाचलं हा शब्द जरा जास्त झाला. आणि घरीच राहणार म्हणजे वाचनालयाचं काय, हे मी जेवताना विचारणार होतो. पंगतीत ते अप्पांजवळ बसले, माझा नंबर लागला नाही.

हनीफभाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि ते जेवलेही नाहीत. बाहेर रिक्षा शोधत उभे होते तिथं मी त्यांना गाठलं. म्हटलं, एवढं काय बिघडलं? मी काय चोरून केलं? तिच्या घरी जाऊन, मानानं, सगळ्यांसमोर बोललो. ते म्हणाले, "तेच ना साहेब. तुम्ही तिच्या घरी गेलात. तिच्याकडं न्हाई गेलात." आणि रिक्षात बसले.

बसमध्ये येताना अहमदपूरपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होतो. राग आला, आणि राग नेमका कुणाचा तेही कळेना.

२६ जुलै, शनिवार

हदगावच्या वाचनालयाच्या समितीनं नवा माणूस नेमला. कुणाचा तरी भाचा आहे. शिवकन्येनं राजीनामा दिला असं समितीचं म्हणणं. तो तिनं आणून दिला की पाठवला, असं विचारलं तर म्हणाले, घरून आला.

आज पहिल्यांदा वाटलं की फोन करावा आणि तिच्याशी बोलावं. काय बोलणार ते ठरेना, म्हणून केला नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

घरात गणपती बसलेला, पाहुणे आलेले, आणि त्यात सिद्धरामचा फोन. तो हनोईला जात नाही. त्याच दिवसांत पुण्याला प्राचार्यपदाची मुलाखत आहे. "परिषदा काय सर, दरवर्षी असतात," असं हसत म्हणाला. अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, पोराचं भविष्य आहे शेषेराव, तुम्ही बघून घ्या काहीतरी.

दुपारपर्यंत डोकं बधिर होतं. संध्याकाळी मुंबईला कळवलं आणि तिथून जे कळलं त्यानं अंगावर मूठभर मांस चढलं. शिवकन्येचं लिखाण परिषदेच्या कार्यक्रमात अजून आहे. त्यांनी ते काढलंच नव्हतं. संघानं नुसतं नाव बदलून दिलं तर तिला घ्यायला ते तयार आहेत. तिकिटाला अजून वेळ आहे.

उमादेवीला लगेच सांगितलं. देव चूक सुधारायची संधी देतो म्हणतात. आता चूक माझी होती असं नाही, पण संधी मात्र आहे. परवा रविवार. स्वतः जाणार, आणि या वेळी अप्पांच्या गाडीनं नाही, एसटीनं.

३१ ऑगस्ट, रविवार

सकाळच्या बसनं गेलो. पावसानं सोयाबीन पिवळं पडलेलं, रस्त्यानं सगळीकडं पाणी. ओसरीवर धुरपताबाई तूर निवडत होत्या. भिंतीवर खिळ्याला ती लातूरची शाल टांगली होती, प्लास्टिकच्या पिशवीत. दगडोबा शेतात. बालाजी दारात आला आणि दाराला टेकून उभा राहिला.

मी बसायच्या आधीच सांगून टाकलं. जागा रिकामी झालीय, शिवकन्येचं नाव घालतो, परिषद तिची वाट बघतेय, तालुक्याचं नाव होईल, पेपरात फोटो येईल, सत्कार मोठा करू. तिनं जूनमध्ये जे जे सांगितलं होतं ते सगळं मी एका दमात बोललो. बालाजी ऐकत होता. धुरपताबाई तुरीतून हात न काढता म्हणाल्या, "त्ये पुस्तक तर जळलं की हो."

मला आधी कळलंच नाही. कोणतं पुस्तक? त्या म्हणाल्या, "इमानाचं. तुम्ही सांगून गेलात अन् ह्यो तसाच हदगावला जाऊन कपाटातून घेऊन आला. चुलीत घालाय लागला. मी म्हणलं, बंबात घाल बाबा, सयपाकाच्या चुलीत नको. वरचं प्लास्टिक लवकर जळंना."

बालाजीनं मान दुसरीकडं वळवली. मी म्हटलं, नवा काढता येतो, हल्ली तातडीनं मिळतो, मी स्वतः येईन सोबत. तो म्हणाला, "काढू की सर. पुढच्या वेळी." माझाच शब्द होता तो.

तेवढ्यात शिवकन्या पाणी घेऊन आली. पदर कपाळापर्यंत, चालताना उजवा पाय ओढत होती. मी बाम पोचला का विचारलं. तिनं तांब्या खाली ठेवला. बालाजी तिथंच उभा होता, सासू तिथंच बसली होती. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "सर, मत पडलं असतं तर मी हरले असते का?"

या बाईला आता खरं सांगून काय मिळणार होतं? जिंकली असतीस, सहज जिंकली असतीस, असं सांगायचं आणि जन्मभर तिच्या जिवाला घोर लावायचा? त्या क्षणी जे दयेचं वाटलं ते मी केलं. म्हटलं, "हाव. हरली असतीस. लातूरची मतं जास्त होती."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "मग बरं झालं." तांब्या उचलून आत गेली. पाणी मी प्यालोच नव्हतो.

१ सप्टेंबर, सोमवार

मुंबईला कळवलं की आमच्याकडून कुणी येऊ शकत नाही. कारण विचारलं. घरगुती, असं सांगितलं. अप्पांनाही कळवलं. ते म्हणाले, असो, निवड तर बिनविरोध झाली होती ना. सल्लागारीच्या खोलीला रंग लावून ठेवलाय म्हणाले.

काल आल्यापासून उमादेवीला काही सांगितलं नव्हतं. आज जेवताना सगळं सांगितलं. पासपोर्टचं, पायाचं, आणि तिनं काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते. मला वाटलं, निदान उत्तराचं तरी ती बरं म्हणेल.

तिनं हातातला घास ताटात परत ठेवला. "म्हणजे पासपोर्ट गेला, नोकरी गेली. जिंकले असते हा विश्वास, एवढंच काय ते तिच्यापाशी राहिलं होतं. ते काल तुम्ही जाऊन काढून घेतलं." आणि ती ताटावरून उठली. घरात गौरी बसलेल्या आणि बाई अन्न टाकून उठलेली.

मी तिचं ताट झाकून ठेवलं. तिचं खरं आहे. हे मी लिहितो आहे, कारण कुणाला तोंडानं सांगायला जमेल असं वाटत नाही. शिवकन्येला खरं काय ते कळलं पाहिजे. नुसतं एक वाक्य, तू जिंकली असतीस. पण ते पोचवायचं कसं? वाचनालयात ती नाही. तिच्या हातात फोन नाही, जो नंबर आहे तो बालाजी उचलतो. पत्र पाठवलं तर दगडोबा फोडतील. आणि हदगावला गेलो तर पुन्हा त्याच ओसरीवर जाऊन बसायचं, आणि आधी घरच्यांना सांगायचं.